दिजाँचं झिजलेलं घुबड

मंगळवार, संध्याकाळ

रविवारी सकाळी पूजा आटोपली आणि मी जाळीवाल्याला फोन केला. खिडकीखालच्या सज्ज्यातलं घुबडाचं घरटं काढ, जाळी मार, म्हटलं. घराला अपशकुन नको. पिल्लांचं काय करणार, ते विचारलंच नाही.

दुपारी फ्रान्समध्ये दिजाँला शिकणाऱ्या मुलीने फोटो पाठवला. त्या जुन्या शहराची खूणच घुबड! चर्चच्या भिंतीवर कोरलेलं, एवढंसं. येणारा-जाणारा त्याला हात लावून मनातलं मागतो, तोही डावा हात. चेहरा पार झिजलाय. देवळाच्या भिंतीला डावा हात? दोन दिवस तेच डोक्यात. पण किती पिढ्यांनी मागितलं असेल, तेव्हा कुठे दगडाचा चेहरा झिजला. आणि मी? लक्ष्मीला रोज हात जोडायचे, तिच्या वाहनाला हाकलायचं?

आज जाळीवाला आला. शेजारचे आपटेकाका दारातच उभे; फोटोची गोष्ट मी त्यांना कालच सांगितली होती.

“अहो, मुलीला शिकायला पाठवलंत की घुबडं पुजायला?”

“काका, पिल्लं उडेपर्यंत जाळी नाही.”

भीती अजून आहेच. तरी जाळीवाल्याला चहा देऊन परत पाठवलं आणि त्या बाजूची खिडकी लावून घेतली, पिल्लं दचकू नयेत म्हणून.