गाता गाता धाडलेला सलाम

रुबिएल,

खाणीवर फोन लागत नाही म्हणतोस, पत्ताही देत नाहीस. मग हे पत्र धाडू कुठे?

काल टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेची शेवटची फेरी तुझ्या आईबरोबर पाहिली. आपल्या गावचा पोरगा रंगात आला आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे गाता गाताच सलाम धाडू लागला: "बोगोटात मला जेवू घालणाऱ्या रुबिएल मोस्कोतेला आणि आमच्या यादिरावहिनीला!"

मी मनात म्हटलं, एका नावाची छप्पन्न माणसं असतात. उगाच संशय कशाला?

पण तुझ्या आईच्या हातातली मक्याची अरेपा खाली पडली. "मेल्याला बजावलं होतं," ती पुटपुटली, "कुणाचंही नाव घे, ह्या दोघांचं नको!"

पोरगा जिंकला. टाळ्या मी एकटीनंच वाजवल्या.

तुझी लग्नाची बायको,
नेल्फी