होडी जिथून परत वळते

प्रिय घोरपड,

या नावाने आता तुला कुणी हाक मारत नसेल. तुझ्या दारावर मोठं पद लिहिलेलं आहे म्हणे, आणि शिकायला येणारी मुलं तुला सर म्हणतात. पण कॉलेजात भिंतीला, पाइपाला, जिन्याच्या कठड्याला चिकटून वर चढणारा तू घोरपडच होतास, आणि माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा आमच्या घरी घेऊन आलास तोही घोरपड म्हणूनच. तेव्हा सर वगैरे माझ्याच्याने होणार नाही. वर 'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. खोडायला गेले असते तर पान खराब झालं असतं, म्हणून राहू दिलं. पुढचं मात्र निवांत बसून वाच. मी चिडलेली आहे, आणि चिडलं की मला थोडक्यात लिहिता येत नाही.

गेल्या रविवारी मी आणि बेडकी गुहा बघून आलो. बेडकी म्हणजे आमची लेक, तुला आठवत असेल तर. हे नाव तिच्या बापानेच ठेवलं होतं, कारण धड चालता येण्याआधी ती पाण्यात हातपाय मारायला लागली होती. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती टेबलाखाली बसून तुझ्या बुटांच्या नाड्या सोडत होती. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून काम करते आणि घरात कुणाचं ऐकत नाही. गुहा लोकांसाठी उघडली तेव्हा मला आमंत्रण आलं होतं. मी गेले नाही. नंतरही कधी तिकडे फिरकले नाही. या वेळी बेडकीने गाडीची किल्ली हातात घेतली आणि म्हणाली, "आई, तू येतेस की मी एकटी जाऊ?" तिला एकटीला पाठवणं मला जमलं नाही.

गुहेच्या ज्या तोंडातून तू आणि माझा नवरा पोटावर सरपटत आत जायचात, तिथे आता काचेची दारं आहेत. तिकीटघर आहे, आत सोडणारा फिरता दांडा आहे, प्लास्टिकच्या टोप्या आहेत, आधीच्या माणसाच्या घामाने ओल्या. आत पायऱ्या, कठडे आणि दिवे. जांभळे, हिरवे, गुलाबी दिवे, एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये असावेत तसे. चुनखडीच्या खांबांना नावं दिली आहेत. एकाचं नाव हत्तीची सोंड, एकाचं झोपलेला म्हातारा. माझा नवरा घरी यायचा तेव्हा कपड्यांना चिखल आणि थंड दगडाचा वास असायचा. इतक्या रंगांतही तोच वास आला आणि मी तिथेच थांबले. मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, चला ना, होडी सुटेल." मी चालले.

मग नदी. ती मात्र त्या दिव्यांना रंगवता आलेली नाही. काळी, पण इतकी नितळ की तळातले गोटे दिसत होते. तुम्ही दोघांनी डोंगराच्या पलीकडे तिच्यात रंग ओतला होता आणि ती कुठून बाहेर पडते ते बघायला मी प्रयोगशाळेतून बाटल्या घेऊन झऱ्यावर बसून राहिले होते. पाणी हिरवं झालं तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा राहून वेड्यासारखा हसत सुटला होता. तूही हसत होतास. तुझ्यावर रागावताना हे आठवायला नको होतं, पण आठवलं.

होडी बॅटरीवर चालते. होडीवाला पोटाचा मोठा, सर्दीने बेजार, पण बोलका. लोकांना हसवायची त्याला हौस. शेवटी छत खाली येऊन पाण्याला टेकतं, तिथे आता लोखंडी जाळी आहे. होडी तिथे थांबवून त्याने दिवा घालवला. अंधार इतका की बेडकीचा हात माझ्या हातात होता म्हणूनच ती आहे हे कळत होतं. मग त्याने आवाज खाली आणला आणि गोष्ट सुरू केली. या नदीचं माप घ्यायला दोन साहेब आले होते. एक शहाणा, एक हट्टी. शहाणा म्हणाला, डोंगरावर पाऊस आहे, माघारी फिरू. हट्टी म्हणाला, तू घाबरट आहेस, मी चाललो पुढे. शहाणा बाहेर आला, हट्टी राहिला आत. "तेव्हा मंडळी, जाळीपलीकडे टकटक ऐकू आली तर घाबरू नका. साहेब अजून माप घेतायत." आणि त्याने अंधारात वल्ह्याने होडीच्या कडेवर टकटक केलं.

लोक हसले. लहान पोरं किंचाळली, मग तीही हसली. गुहेत हसणं लवकर थांबत नाही, ते भिंतींवरून फिरून पुन्हा अंगावर येतं. बेडकीने माझ्या हातातून हात काढून घेतला. दिवा लागल्यावर तिने होडीवाल्याला अगदी शांतपणे विचारलं, "ओळखत होता का तुम्ही त्यांना?" तो म्हणाला, "नाही हो ताई, आम्हाला जे सांगायला दिलंय तेच सांगतो." ती म्हणाली, "ते माझे बाबा." त्याने होडी किनाऱ्याकडे वळवली. त्या बिचाऱ्याने उतरताना माझा हात धरला आणि सोडायलाच विसरला. त्याच्यावर मी रागावलेले नाही. माझा राग भलत्या माणसावर काढायची मला सवय नाही.

आता तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हणशील, होडीवाले तिखटमीठ लावतात, मी काय करू. म्हणून तिथूनच मी व्यवस्थापकाच्या खिडकीवर गेले. तरुण मुलगी होती, नीट बोलली. म्हणाली, होडीत काय सांगायचं ते आम्ही ठरवत नाही, सल्लागार साहेबांनी स्वतः वाचून मंजूर केलंय. मी विचारलं, कोण सल्लागार? तिने तुझं नाव सांगितलं आणि वर म्हणाली, "त्यांच्याइतकं या गुहेबद्दल कुणालाच माहीत नाही." खरं आहे. तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. एक होता.

स्वयंपाकघरातली ती दुपार विसरला असशील तर सांगते. त्याला जाऊन महिना झाला असेल. मी भांडी घासत होते आणि तू मागच्या दाराने आलास, ओट्याशी जमिनीवरच बसलास. पाण्याचा नळ चालू होता तो मी बंद केला, कारण तुझा आवाज ऐकू येत नव्हता. तू म्हणालास, ढग बघून माघारी फिरू असं तो म्हणत होता. पुढे जाऊ म्हणून हट्ट धरणारा तू होतास, कारण तुला नदीचा उगम त्याच दिवशी गाठायचा होता. पाणी चढायला लागल्यावर तुम्ही परत फिरलात, तो पुढे आणि तू मागे. तो कोरड्या कपारीवर पोचलाही होता. तिथून चालत बाहेर येण्याएवढाच रस्ता उरला होता. मागे तुझा पाय दोन दगडांत अडकला, दोराला पीळ पडला, आणि तू ओरडलास. तो परत पाण्यात उतरला. त्याने दोर कापला, तुला मागून ढकलून कपारीवर चढवलं, आणि मग पाणी छताला लागलं. दुसऱ्या दिवशी ओसरल्यावर तो सापडला. हे सगळं तू माझ्यासमोर बोललास, माझ्या पदराने तोंड पुसलंस. खात्याच्या चौकशीत वेगळं सांगितलंय, म्हणालास. घाबरलो होतो, आई अंथरुणावर आहे, नोकरी गेली तर संपलो. थोडे दिवस दे, मी स्वतः जाऊन खरं सांगतो. मी म्हटलं, सांग. मी तुला शिव्या दिल्या नाहीत, हाकललं नाही, चहा केला. माझ्या नवऱ्याने जीव देऊन जो माणूस बाहेर काढला होता त्याच्याशी वाईट वागायला माझं मन होईना.

आणि मग काही महिन्यांनी तुझा फोन आला. "सांगितलं. सगळं नीट केलं. आता त्याच्या नावाला डाग नाही." हे तुझेच शब्द आहेत. मी त्या दिवशी किती हलकी झाले होते ते तुला कधी कळणार नाही. त्याच्या आईला फोन करून सांगितलं. म्हातारी रडली, म्हणाली, माझं पोर शहाणंच होतं. ती हेच मानून गेली. आणि तू काहीच केलं नव्हतंस. घाबरून एकदा खोटं बोललास, ते मी समजू शकले होते. पण ती दुपार उलटून गेल्यावर, भीती संपल्यावर, पद मिळाल्यावर, पंखा लावलेल्या खोलीत बसून तू ती टकटक मंजूर केलीस. 'एक शहाणा, एक हट्टी' हे वाचताना तुझा घास अडकला नाही का रे? निदान हट्टी शब्द तरी बदलायचास.

वर उपाहारगृहात बसलो तेव्हा बेडकीने चहाला हात लावला नाही. तिने विचारलं, "बाबा खरंच तसा होता?" मी तिला सगळं सांगितलं. लहान असताना तिला एवढंच माहीत होतं की बाबा पुरात गेला. मला वाटलं, आता ती टेबल उलथेल, उठून तुला शोधत निघेल. ती पोर बापावर गेली आहे, तिचं भलतंच काहीतरी असतं. बशी बाजूला सरकवून म्हणाली, "म्हणजे त्या काकांना बाबाने बाहेर काढलं." मी म्हटलं, हो. तर म्हणाली, "मग मला त्यांच्याकडूनच शिकायचंय." तेव्हा बाहेर आलं की गुहेत अडकलेल्यांना काढणारं जे पथक तू तयार करतोस, त्यात शिकायला म्हणून तिने केव्हाच नाव दिलेलं आहे. ही सहल त्यासाठीच होती. आधी एकदा ती जागा स्वतः बघायची होती तिला. घरी येईपर्यंत आम्ही भांडलो. मी नको नको ते बोलले. तुझ्या बापाला गिळलं त्या पाण्याने, तुझी भूक भागत नाही का, असंही बोलले. ती गाडी चालवत राहिली. एका वळणावर फक्त एवढंच म्हणाली, "आई, आतून कुणी ओरडलं तर कुणीतरी जायला नको का?"  

आणि बुधवारी तुझा फोन आला. मला नाही, तिला. तू तिला म्हणालास की तिला घेता येणार नाही, कारण तिच्या आईला ते चालणार नाही, आणि आईचं मन मोडणं तुला बरं वाटत नाही. तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "तू केला होतास का त्यांना फोन?" माझ्या पोरीने मला असं कधी विचारलं नव्हतं. म्हणून हे पत्र. त्याच्या नावामागे लपलास, आता माझ्या नावामागे लपू नकोस. मला चालतंय का हे तू मला विचारलं नाहीस, म्हणून सांगते, मला चालत नाही, आणि तरी तू तिला घ्यायचंस. ती सोमवारी सकाळी तुझ्या दारात उभी राहील. तिला पाण्यात उतरवण्याआधी सगळ्या शिकाऊ पोरांना आणि त्या होडीवाल्याला समोर बसवायचं आणि जे माझ्या स्वयंपाकघरात बोललास ते तिथे मोठ्याने बोलायचं. तू नाही बोललास तर मी तिथे येऊन बोलेन, आणि माझा आवाज गुहेत किती वेळ फिरेल ते तूच ठरव. मग तिला शिकव. दोर कसा कापायचा, अंधारात श्वास कसा राखायचा, डोंगरावर ढग दिसला की माघारी कसं फिरायचं. ती ऐकणार नाही, तरी शिकव. तुझ्याइतकं त्या नदीबद्दल आता खरंच कुणाला माहीत नाही, आणि माझी पोर जाणारच असेल तर तिच्याबरोबर तूच असायला हवास. फक्त एक लक्षात ठेव. आत काहीही होवो, तू तिच्या आधी बाहेर यायचं नाहीस.

तुझीच,
लवंगी