धीर देण्याचं खातं माझ्याकडे

३ मार्च
आईचा रिपोर्ट आला. स्तनाचा कॅन्सर. लवकर सापडलाय म्हणतात. बाबा बंद टीव्हीकडे बघत बसलेत. ताई रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचतेय. अशा वेळी घरात एक तरी माणूस खंबीर हवा. तो मी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये इतकी वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसतोय, भीती माझ्यात उरलेलीच नाही. सगळ्यांना बसवून कामं वाटली. डॉक्टरांशी ताई बोलणार, पथ्य बायको बघणार, औषधं बाबा. धीर देण्याचं खातं माझ्याकडे.

४ मार्च
संकल्प: आईसमोर डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही.
सकाळी चहा देईपर्यंत पाळला. तिनं कप उचलला आणि मला भडभडून आलं. बायको आत कांदा चिरत होती. हल्लीचे कांदे फार तिखट. आईनं माझे डोळे पुसले आणि चहा निवतोय म्हणाली.

९ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे सगळे गेलो. बाई कागदावर चित्र काढून सांगायला लागल्या, कुठून कापणार वगैरे. मला गरगरलं. बाहेरच्या बाकावर आडवं केलं. आई उशाशी बसून तिच्याच फाइलनं मला वारा घालत होती. समोरच्या माणसानं तिला विचारलं म्हणे, यांना कुठला कॅन्सर?
उपाशीपोटी जाऊ नये. नाश्ता केला होता, पण हलका.

११ मार्च
आज खातं उत्तम चाललं. दुपारी आईजवळ बसून ठणकावून सांगितलं की मी असताना तुला काही होणार नाही. मग विचारलं, खरंच काही होणार नाही ना? ती म्हणाली, नाही रे बाळा. तिला बराच धीर आलेला दिसला.

१४ मार्च
ताईनं ऑपरेशनची तारीख सांगितली, सत्तावीस. रजा टाकली. थिएटरच्या दारात आईला काय बोलायचं, ते शिकाऊ बाईंना गाडीत म्हणून दाखवलं. त्यांनी रडत रडत सिग्नल तोडला. म्हणजे जमलंय.

१९ मार्च
आईबाबा ऑपरेशनपर्यंत ताईकडे राहायला गेले. हवापालट. कल्पना माझी नव्हती, पण असायला हरकत नव्हती.

२२ मार्च
आई फोनवर येत नाही. बाबा म्हणाले, आंघोळीला गेली. लगेच ताईला लावला तर म्हणे झोपलीय. आंघोळ करून दमली असेल.
बायको रोज सूपचा डबा घेऊन कुठल्याशा मैत्रिणीकडे जाते. मैत्रिणीची दाढ काढलीय. फारच मोठी दाढ दिसते.

२६ मार्च, दुपार
शिकाऊंना परीक्षेचा रस्ता मी आदल्या दिवशी दाखवतो. त्याच शिस्तीत हॉस्पिटल बघायला गेलो. पार्किंग पाहिलं, थिएटरचं दार पाहिलं. मग वॉर्ड.
खिडकीजवळच्या खाटेवर आई. कुशीतून नळी आलेली. बाबा तिला सूप भरवत होते, आमच्याच घरच्या डब्यातून. ताई तिचे केस विंचरत होती. डबा धरून बायको. चौघं कशावर तरी हसत होते.

संध्याकाळ
ऑपरेशन वीस तारखेलाच झालं. सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनलासुद्धा.
दगा! सख्ख्या माणसांनी. ताईला वाट्टेल ते बोललो. ती म्हणाली, माझ्यावर कशाला ओरडतोस, हे आईनंच ठरवलं.
आईला विचारलं, का? ती म्हणाली, त्या दिवशी मला खूप भीती वाटत होती. तू असतास तर मला घाबरता आलं नसतं. थिएटरच्या दारात ती बाबांना धरून मोठमोठ्यानं रडली म्हणे.
आईला रडताना मी जन्मात पाहिलेलं नाही.
तिला सांगायला गेलो की मी असा नाही, मी खंबीर आहे. पण तोंड उघडलं आणि हुंदकाच आला. तिनं नळी सांभाळत सरकून मला खाटेवर जागा केली, टाके नसलेल्या बाजूच्या हातानं पाठीवर थोपटत राहिली. तिला दुखत असणार.
नर्स येऊन म्हणाली, पेशंटला त्रास होतोय, ज्यांना रडायचंय त्यांनी बाहेर जावं.
बाकी कुणीच उठलं नाही. मी उठलो.