भिंतीकडची बाजू

तिश्कोकोब,
९ नोव्हेंबर

लाडक्या नेल्सीस, आजीचा पोटभर आशीर्वाद.

मी ठीक. कोंबड्या ठीक. गुडघा ठीक नाही, पण तो कधी ठीक होता? पत्र शेजारची सोकोरो लिहून देते आहे. शिव्या लिहिणार नाही अशी तिची अट आहे. म्हणून जिथे नुसतं 'तुझा नवरा' दिसेल, तिथे शिवी तू आपल्या मनाने घाल.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर आपल्या दोघींत तिसरं कोणीतरी खाकरत असतं. हे तुझ्या हॉटेलच्या धोबीखान्यातली मिल्डा तुझ्या हातात देईल. तिथेच वाच, तिथेच फाड.

आधी मळमळ काढून टाकते. पितरांच्या दिवसांत तुम्ही आलात, तेव्हा तुझ्या नवऱ्याने, रोहेलियोने, तुझ्या आजोबांसाठी वाढलेल्या ताटातली कोंबडी उचलली. मेणबत्ती जळत होती, बिचारा माणूस वरून येऊन अजून टेकलाही नव्हता! बोटं चाटली आणि त्याच ओल्या बोटांनी तुझी हनुवटी धरून म्हणाला, "हिला झोप नाही. रात्रभर टक्क जागी. डोक्याने गेली आहे." तू हसलीस. ते हसू मला त्या बोटांपेक्षा किळसवाणं वाटलं. रागावू नकोस, ते तुझं नव्हतंच. ताट मी राखेने घासघासून घासलं, तरी त्यात जेवावंसं वाटत नाही.

मग काय केलं, ऐक. तुझं दुखणं माझं म्हणून दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजी, निद्रानाश एकाच जातीचा नसतो. पडल्यावर झोप येतच नाही? की येते आणि मध्येच मोडते? की पहाटेआधी उडते ती परत येत नाही?"

"सोकोरोची मोडते. तिला लघवीला उठावं लागतं."

(हे लिहायला सोकोरो तयार नव्हती. म्हटलं, मग पुढचंही लिहू नकोस.)

"आणि तुमची?"

"माझी दारात उभी असते, बाई. मीच आत घेत नाही. जिन्यावर बूट वाजतात का, ते ऐकत पडते."

तिने पेन खाली ठेवलं. "घरात कुणाची भीती वाटते?"

"माझ्या घरात मी आणि कोंबड्या."

"मग ही झोप कुणाची?"

मी शाल सारखी करत बसले. तिला कळलं. म्हणाली, "काळजीने चार दिवस उडते ती झोप वेगळी, महिनोन्महिने मुरते ती वेगळी. पण इथे शरीर पहारा देतं आहे. पहारेकऱ्याला गोळी देऊन निजवू नका. तो कशासाठी जागा आहे, ते आधी बघा."

आणि तुझा नवरा परवा फोनवर काय म्हणाला? "गोळ्या आणल्यात, आता गुमान पडून राहील." पडून राहील! घेऊ नकोस त्या.

कानकूनला तुमच्या घरी आले होते, तेव्हा भिंतीत आपली निजायची झोळी टांगायच्या कड्या शोधल्या. उपटून सिमेंट भरलेलं. तो म्हणाला, "झोळीत गावंढळ निजतात, आम्ही पलंग घेतला." पाहिला पलंग. एका अंगाने भिंतीला चिकटलेला. बाहेरच्या उशीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा पिवळा डाग. म्हणजे तू भिंतीकडे. उठायचं तर त्याला ओलांडून. झोळीतून पाय सोडला की जमीन लागते, पोरी.

हे सांगायचं नव्हतं, पण सोकोरोने लेखणी हातात धरून ठेवली आहे, हलत नाही. तर लिही बाई. मनगटावरचा डाग तू इस्त्रीचा म्हणालीस. इस्त्रीला चार बोटं नसतात.

कामावरूनच नीघ. कपडे भरायला घरी जाऊ नकोस. इकडे यायच्या बसचं तिकीट मिल्डाकडे आहे.

तुझी नवी झोळी विणून झाली, निळी. खोलीच्या मध्यात टांगली आहे, दोन्ही बाजूंनी मोकळी. दाराकडे मी निजते. माझी झोप पहाटेआधी उडणाऱ्या जातीची, वयाची. पहाऱ्याला हीच बरी. बूट वाजले तर मी ऐकेन. तू ऐकायचं नाहीस.

अंगठ्याला अजून सुताचा निळा रंग आहे, तोच खाली उठवते.

दाराशी जागी असलेली,
तुझी आजी फिदेन्सिया