निळा स्वेटर

प्रिय खारूताई,

या नावाने तुला आता कोणी हाक मारत नसेल. पेन्सिलीची टोकं कुरतडायचीस म्हणून मीच ठेवलं होतं ते. यंदा शाळा सुरू झाल्यावर तू पालकसभेला आलीस, माझ्या टेबलासमोर बसलीस आणि मला ओळखलं नाहीस. म्हणूनच मोकळेपणाने म्हणालीस, "बाई, आमच्या मुलीला कालव्यापलीकडच्या मुलांशेजारी बसवू नका. समजून घ्या." मी समजून घेतलं. तुझी विनंती वहीत लिहिली, तारीख घातली, खाली तुझी सही घेतली. सही अजून तशीच आहे, शेपटीवाली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला उंचीप्रमाणे बसवलं. नियमच आहे तसा. बाबांची कापडी टेप नेली होती. तुझी लेक आणि कालव्यापलीकडच्या गवंड्याची मुलगी अगदी एका मापाच्या निघाल्या. टेप धरताना मी एका बोटाची लबाडी केली. ती इथे कबूल करते, कारण लबाडी लपवली की मला अन्न गोड लागत नाही. हे तुला माहीत आहे, निदान तेव्हा तरी माहीत होतं.

म्हणूनच तुला कळायला हवं होतं की आपल्या शाळेतला तो सूक्ष्मदर्शक मी फोडला असता तर मी सांगितलं असतं. प्रयोगशाळेत आपण दोघीच होतो. पडला तो तुझ्या हातून. मुख्याध्यापक आले तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंसही नाहीस. म्हणालीस, "ती कालव्यापलीकडची आहे, सर. त्यांच्या हाताला सवय नसते." तेवढं पुरलं, मला शाळेतून काढलं. कशावरून, असं कोणीही विचारलं नाही. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते वर्षभर मी बाबांच्या शिलाईच्या दुकानात बसून शर्टांची काजं केली. बाबा तीनदा शाळेच्या दाराबाहेर जाऊन उभे राहिले, तेव्हा मला परत घेतलं. तोवर तू पुढच्या वर्गात गेली होतीस. दर काजाला मी तुझ्यासाठी एकेक शिक्षा योजत असे. बऱ्याचशा बालिश होत्या. एकीत तुझे पुढचे दात पडायचे.

बाबांना अक्षर येत नाही, पण त्यांची एक रीत होती. मी आणि भाऊ भांडलो की ते आमचे सदरे बदलायला लावायचे. त्याचा माझ्या अंगात, माझा त्याच्या. मग म्हणायचे, आता त्याच्या बाजूने भांड. मनापासून भांडलं नाही तर आपला सदरा परत मिळायचा नाही. एकदा मी भावाची बाजू इतकी चांगली मांडली की माझ्या वाटणीचा खाऊही त्यालाच गेला. कुठे काचतंय ते अंगात घातल्याशिवाय कळत नाही, एवढं बोलून बाबा पुन्हा मशीनवर वाकायचे.

दर शनिवारी मी वर्गात हेच करते. स्वेटर बदलून भांडायचं, आणि कोणी काहीही म्हणालं की आधी 'कशावरून' असं विचारायचं. बाकीच्या मुलांना हे मी त्यांच्या भल्यासाठी शिकवते. तुझ्या मुलीला मात्र, खरं सांगते, सूड म्हणून शिकवत होते. तुझ्याच घरात, तुझ्यासमोर जेवायला बसून तुझ्याच लेकीने तुला 'कशावरून' विचारावं, एवढंच मला हवं होतं. सहामाहीनंतर तू मुख्याध्यापिकांकडे तक्रार केलीस. बाई मुलांना उलट बोलायला शिकवतात, तिकडच्या लोकांबद्दल घरात काही बोलायची सोय उरली नाही, मुलगी पुरावे मागते. त्यांनी मला बोलावून जाब विचारला तेव्हा मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी ओशाळले. मी हसू दाबत होते.

मग माझा लोभ वाढला. गेल्या शनिवारी मी वर्गाला सूक्ष्मदर्शकाची गोष्ट सांगितली, नावं न घेता. खुर्चीवर दोन जुने स्वेटर ठेवले, आळ आलेल्या मुलीचा तपकिरी आणि फोडणारीचा निळा. तपकिरीसाठी झुंबड उडाली. जो तो तो घालून निळीवर तुटून पडत होता. गवंड्याच्या मुलीने तर तिला जन्मभर काजं करायची शिक्षा ठोठावली. मी फळ्याला टेकून ऐकत होते. अठरा वर्षांनी कोणीतरी माझ्या बाजूने बोलत होतं.

तुझी लेक पेन्सिल कुरतडत बसली होती. मग उठून म्हणाली, "बाई, निळा कोणी घातलाच नाही." तिनेच तो घातला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. "मला घरी मार बसला असता," ती म्हणाली. "म्हणून मी पटकन बोलले. सगळ्यांनी ते खरं मानलं, मग मला ते परत घेता येईना. ती शाळेत यायची थांबली तेव्हा मला बरं वाटलं. त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं."

तुझ्या वडिलांच्या पट्ट्याचे वळ मी पाहिले होते. शिक्षा योजताना नेमकं तेवढंच विसरत आले. पण मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. तेव्हा तू घाबरलीस हे कळतं. पालकसभेत तुला कोण मारणार होतं, हे कळत नाही.

शाळा सुटल्यावर तुझी लेक मागे रेंगाळली. तिने विचारलं, "ती निळ्या स्वेटरवाली आता कुठे असते? तिला कोणी विचारलं का?" "ती तुला न्यायला फाटकाशी उभी आहे," हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. ते मी गिळले. लेक तुझी असली तरी विद्यार्थिनी माझी आहे, आणि तिलाच हत्यार केलं तर बाबा माझा सदरा मला कधीच परत देणार नाहीत. मी म्हणाले, विचारून सांगते. म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी वर्गात ये. तपकिरी स्वेटर धुऊन ठेवलाय. तो घालून तुला माझ्या बाजूने भांडायचंय, तुझ्या मुलीसमोर. निळा मी घालीन. नाही आलीस, तरी तुझं नाव मी सांगणार नाही. पण ती विचारत राहील. शोधून कसं काढायचं, हे मी तिला शिकवलंय.

तुझीच,
बाकाच्या डाव्या टोकाला बसणारी