पळीतलं पाणी गेलं कुठं

आबा,

आज मी पळीवाल्याला आडात पडू दिलं नाही. तुमच्या गोष्टीतलाच पळीवाला, चेटकिणीच्या दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या घागरीतून पळीभर पाणी काढून घेणारा. तो आता मी पोरांसाठी लिहितेय त्या पुस्तकात येऊन बसलाय, आणि शेवटच्या प्रकरणात राजपुत्रानं त्याची मानगूट धरली आहे. सकाळी संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, हा माणूस सुधारायचा असेल तर त्याला रडू द्या, राजपुत्राचे पाय धरू द्या, साठवलेलं सगळं वाटून टाकू द्या. मी म्हणाले, "तो मरेल, पण रडायचा नाही." त्या हसल्या. म्हणाल्या, अगदी घरातला असल्यासारखं बोलताय. आता त्यांना काय सांगू? फोन ठेवला आणि तुम्हाला लिहायला बसले.

त्या दुष्काळात आई गावाकडं घर धरून राहिली, आणि तुम्ही, मी अन् आत्या बैलं घेऊन धारूरच्या घाटाखाली दूध सोसायटीच्या छावणीत आलो. सोसायटीनं तुम्हाला टँकरच्या रांगेवर नेमलं, कारण रांगेत रोज झिंज्या धरायची पाळी यायची. काठी दिली होती, ती तुम्ही लिंबाला टेकवून ठेवलीत आणि गोष्ट सुरू केलीत. अजून दिसतं मला. दुपारची जनावरं रवंथ करत बसलीत, रिकाम्या घागरी ओळीनं मांडल्यात, आणि तुम्ही दगडावर बसून ढग कोंडून ठेवणाऱ्या चेटकिणीचं सांगताय. राजपुत्र तलवार उपसतो, आणि तेवढ्यात हॉर्न वाजतो. "बास. भरा पाणी," म्हणून तुम्ही उठता. बाया तुम्हाला शिव्या घालायच्या, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी त्याच हजर. तसल्या दिवसांत एवढं हसलो आपण, की आज कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

आणि पळीवाला कोण, हे सगळ्या रांगेला ठाऊक होतं. आत्या, तुमची थोरली बहीण, लवकर कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली. टँकरच्या नळाखाली डबडं धरून बसायची. गळणारा थेंब तिचा, घागरीवरून सांडलेलं तिचं. कुणी डबड्याला हात लावला तर "हात झडंल तुझा!" माझ्या हातातला गुळाचा खडासुद्धा अर्धा मोडून घ्यायची, आडीनडीला म्हणून. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशी बाई. पळीवाला बोलायला लागला की तुम्ही हुबेहूब तिचा आवाज काढायचात, "टेकव घागर, मेल्या!" आणि रांग खदाखदा हसायची. आत्या पदर तोंडावर ओढून झोपल्यासारखी पडायची. मग एक दिवस तुम्ही जाहीर केलंत, "उद्या पळीवाला कोरड्या आडात." दुसऱ्या दिवशी शेजारच्या दावणीचे गडीसुद्धा येऊन बसले.

राजपुत्रानं मानगूट धरली, आडावर लटकवलं, आणि आत्यानं तोंडावरचा पदर काढला.

"खाली ठेव त्याला."

"आक्का, जागी हायस व्हय तू?"

"लई दिसापासून जागीच हाय. कावून मारतोस त्याला?"

"लोकांचं पाणी घेतलं त्यानं."

"घेतलं. मंग गेलं कुठं?"

"पिऊन टाकलं असंल."

"एवढं? पोट हाय का तळं? गोष्ट सांगायलास तर नीट सांग की!"

रांग तुमच्याकडं बघतेय. आबा, तुम्हाला सुचलंच नव्हतं, पळीतलं पाणी गेलं कुठं! तुम्ही हॉर्नची वाट बघत रस्त्याकडं मान वळवलीत, आणि हॉर्न काही वाजेना. आला तो मोटरसायकलवरचा माणूस. टँकर घाटात बंद पडलाय, उद्या येईल. लहान पोरं रडायला लागली. आत्या उठली, कंबर धरून आपल्या पालामागं गेली, कडबा बाजूला सारला. खाली गळ्यापर्यंत पुरलेले दोन रांजण, काठोकाठ भरलेले. "या," म्हणाली, आणि आमटीची पळी हातात घेतली. आधी पोरं, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे. प्रत्येकाला पळीगणिक बोलणी. "वंजळ नीट धर. सांडलंस तर बघ. उद्या परत द्यायचं, फुकट न्हाई."

शेवटी तुम्ही ओंजळ पुढं केलीत. पळी वरच थांबली.

"गोष्ट अर्धी ठिवणाऱ्याला पाणी न्हाई."

"राजपुत्रानं खाली ठेवलं त्याला, आक्का."

"मंग?"

"मंग इचारलं, पाणी कुठं हाय बाबा?"

"मंग?"

"मंग पळीवाल्यानं पाजलं की सगळ्या फौजेला! घोड्यांला बी पाजलं."

"घोड्यांला कशाला रे?" म्हणून ती इतकी हसली की पळी हिंदकळली, आणि तुम्ही डोळे पुसून प्यालात. दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि आत्यानं प्रत्येकाच्या घागरीतून आपलं पाणी खरंच परत घेतलं, एक पळी सोडली नाही. आणि लोकांनी हसत हसत दिलं, वर एक जास्तीची दिली. तिनं तीही घेतली.

म्हणून माझा पळीवाला रडत नाही, पाय धरत नाही. तो शिव्या घालत पाणी पाजतो आणि परत मागतो. संपादकबाईंना आवडो न आवडो, तो असाच राहणार. हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, पुस्तकाच्या ह्याच कागदांत राहील. आणि रागावू नका आबा, पण आत्याला वाचता येत असतं, तर हे मी तिलाच लिहिलं असतं.