पाण्याकाठच्या दोन खुर्च्या

गुरुवार, १३ मार्च

उद्या निघायचं म्हणजे निघायचं! लिनेट नाही म्हणत नाहीये, हेच नशीब. "बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत म्हणून येतेय, कोच. भलतंसलतं काही मनात आणू नकोस." बरं, नाही आणत.

सोमवारच्या विमानाने ती बोइसीला बहिणीकडे चाललीय. कायमची. खोकी बांधून गॅरेजमध्ये ठेवलीयत, माझ्या बास्केटबॉलच्या जाळीशेजारी. एवढा संसार आणि एवढीशीच खोकी! भांडण नाही, तंटा नाही. "थकले मी," एवढंच म्हणते. कशाने, ते विचारलं तर माझ्याकडे बघते आणि भांडी घासायला लागते.

शाळेतल्या पोरांना मी आयुष्यभर एकच सांगत आलो — शिट्टी वाजेपर्यंत मैदान सोडायचं नाही. मग मी कसा सोडीन? लग्न झाल्या झाल्या गेलो होतो तिथेच जायचं, वाळवंटातल्या पाम स्प्रिंग्जला. खजुराचा मिल्कशेक, रोपवे, ताडांच्या दरीतली पायवाट. सगळं तेच पुन्हा करायचं. एकही गोष्ट सुटता कामा नये.

शुक्रवार, १४ मार्च

पोचलो. खिंडीतल्या पवनचक्क्या दिसल्या तशी ती गाडीत जरा सरळ बसली. मी म्हटलं, "आठवतं?" "हं."

खजुराच्या बागेपाशी थांबलो. मी एकच मोठा मिल्कशेक घेतला, दोन नळ्या घालून. तेव्हा तसाच घेतला होता! ती रांगेत माझ्यामागेच होती. स्वतःसाठी लिंबू सरबत घेऊन आली. "मला खजूर आवडत नाही, कोच. तेव्हाही आवडत नव्हता."

हे मला आज कळतंय! सगळा मीच संपवला. पोट गच्च.

खोलीत पलंग दोन. तिने खिडकीजवळचा घेतला.

शनिवार, १५ मार्च, सकाळ

उजाडायच्या आत उठून खाली गेलो, टॉवेल टाकायला. सध्या शाळा-कॉलेजांना सुट्टी आहे. न्याहारीनंतर जाल तर छत्रीखालची खुर्ची स्वप्नातसुद्धा मिळायची नाही. मुरलेली मंडळी गाऊन घालून, डोळे चोळत, एकमेकांकडे न बघता टॉवेल टाकतात आणि परत जाऊन झोपतात. मी सगळ्यात आधी! पाण्याकाठच्या, मोठ्या छत्रीखालच्या दोन खुर्च्या. एकीवर तिचं पुस्तक, एकीवर माझी टोपी. अशी जागा की बघणाऱ्याने जळावं.

मग तिला घेऊन रुबाबात खाली आलो — तर काय! तिच्या खुर्चीवर एक म्हातारी पसरलेली. टॉवेल घडी करून उशाला. पुस्तक पोटावर, आणि चक्क वाचतेय! मी म्हटलं, "बाई, ही जागा घेतलेली आहे." म्हणे, "कोणी घेतलीय? मला तर कोणी दिसलं नाही."

माझा आवाज चढला. मैदानावरचा आवाज तो, सगळे बघायला लागले. लिनेट मध्ये पडली. "बसा हो तुम्ही. पुस्तक पण ठेवा, शेवट मला माहितीये." आणि मला हळूच, "लाज नाही वाटत, कोच? खुर्चीवर माणसं बसतात, टॉवेल नाही."

स्वतः जाऊन पाण्यात पाय सोडून बसली. ती बर्निस नावाची म्हातारी — कॅनडातल्या थंडीला कंटाळून दर हिवाळ्यात इथेच मुक्काम ठोकते — तीही उठून तिच्याशेजारी पाय सोडून बसली. दोघी खिदळत होत्या. छत्रीखाली मी एकटा. रिकामी खुर्ची राखत!

असो. एक डाव गेला. दुपारी रोपवे.

शनिवार, संध्याकाळ

रोपवेची तयारी मी चोख केली होती. जाकिटं, हातमोजे, कानटोप्या, थर्मासात गरम कोको. कारण त्या वेळी आम्ही दोघं अर्ध्या चड्डीत वर गेलो होतो! किनाऱ्यावरची माणसं आम्ही — खाली वाळवंट तापलंय म्हणजे वरही तापलेलंच असणार, असं धरून चाललो. वर गुडघाभर बर्फ. दातावर दात वाजत होते. शेवटी उपाहारगृहातल्या बाईला दया आली आणि तिने टेबलावरचा चौकड्यांचा कपडा काढून दिला. एकाच कपड्यात दोघं गुरफटून बसलो होतो. परतीच्या पाळण्यात सगळे आम्हाला हसत होते आणि आम्ही त्यांच्याहून जास्त.

या वेळी तसं होऊ द्यायचं नव्हतं. झालंही नाही.

पाळणा खांबावरून जाताना झोका खातो तेव्हा तिने माझा दंड धरला. मग सोडला. वर आमच्यासारखीच चड्डीतली पोरं काकडत, किंचाळत बर्फ फेकत होती. आम्ही बाकावर बसून कोको पीत होतो. उबदार. तिने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, आणि डोळ्यांत पाणी.

"काय झालं?" म्हटलं.

"काही नाही. त्या वेळी तुला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. काय मजा आली होती! आता तुला सगळं माहीत असतं. मला थंडी वाजणार, मला भूक लागणार, मी कुठे बसणार. मला काय हवंय तेसुद्धा तू मला न विचारता ठरवून मोकळा. मी नुसती तुझ्या संघात आहे रे. बाकावर बसलेली."

ओठांवर उत्तर आलं होतं — अगं, तुझ्यासाठीच करतो ना सगळं! गिळलं. कोकोबरोबर गिळलं, जीभ पोळली.

थर्मासचं झाकण लावलं आणि विचारलं, "उद्या तुला काय करायचंय?"

तिने वळून पाहिलं. मी कुठल्या परक्या भाषेत बोललो की काय, असं. "काहीच नाही," म्हणाली. "काहीच करायचं नाहीये मला."

दरीतली पायवाट उरलीये. उद्या दुपारी खोली सोडायची. आणि ही म्हणते काहीच नाही! ठीक. ठरलं. उद्या काहीच नाही. मी ते करून दाखवणार. जीव गेला तरी करून दाखवणार!

रविवार, १६ मार्च, सकाळ

उजाडायच्या आत जाग आली. मेली सवय! सगळं रिसॉर्ट खाली टॉवेल टाकत असेल. पाय नुसते शिवशिवत होते. पलंगाची कड धरून पडून राहिलो. नाही म्हणजे नाही. गेलो नाही. त्यातच केव्हातरी डोळा लागला — किती वर्षांनी!

उठलो तर उन्हं खोलीभर. तिचा पलंग रिकामा. आवरलेला. खिडकीपाशी तिची बॅग नाही.

गेली वाटतं. सोमवारचीही वाट पाहिली नाही.

मुलीला फोन लावावा का? नको. काय सांगणार? चपला सापडत नाहीत. अनवाणीच खाली जातो. शिट्टी अजून मी ऐकलेली नाही.

रविवार, दुपार

पाण्याकाठी, मोठ्या छत्रीखाली दोन खुर्च्या. एकीवर ती. दुसरीवर टॉवेल, टॉवेलवर माझी टोपी.

"उठलास एकदाचा! या खुर्चीवरून त्या बर्निसशी भांडले मी सकाळी सकाळी. आणि ऐक, मुक्काम मंगळवारपर्यंत वाढवलाय. नवी खोली खालच्या मजल्यावरची आहे, पलंग एकच आहे. बॅग टाकून आले. तुला विचारलं नाही हं."

मी बसलो. मग मी विचारलं. "आणि उद्याचं विमान?"

"जाईल की. माझ्याशिवायही उडतं ते."